छपराचं पाणी, चेंबरचं झाकण

पुण्याहून पौड रस्त्यानं निघालं की भूगाव, भुकूम मागे टाकून गाडी पिरंगुटचा घाट चढते. घाट कसला, चार वळणं. पण पाण्याच्या हिशेबात हा माथा महत्त्वाचा आहे. माथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस रामनदीचा. खाटपेवाडीजवळ उगम पावणारी ही छोटी नदी भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधच्या बाजूला मुळेला मिळते. माथ्याच्या पलीकडचा, म्हणजे पिरंगुटचा पाऊस ओढ्यांवाटे उत्तरेला उतरून मुळेत जातो. पूर्वी दोन्ही अंगांना भातखाचरं आणि गवताळ टेकड्या होत्या. आता सोसायट्या, शाळा, मंगल कार्यालयं, गोदामं आणि कारखाने आहेत.

उन्हाळ्यात इथल्या एखाद्या ओढ्याच्या पुलावर थांबलं तर काळपट पाण्याची बारीक धार आणि तिचा वास, एवढंच हाती लागतं. जुलैत तोच ओढा तांबड्या पाण्यानं दुथडी भरतो, वास जातो, आणि ‘पावसानं ओढा धुऊन निघाला’ असं सगळे म्हणतात. खरं तर त्या दिवसांत ओढ्यात उतरणारं मैलापाणी कमी झालेलं नसतं, उलट बहुतेक वेळा वाढलेलं असतं. एरवी पाइपात, टाकीत किंवा खड्ड्यात अडकून राहणारा मैलाही तेव्हा बाहेर पडतो. भरपूर पाण्यात तो दिसत नाही, एवढाच फरक. पाऊस आणि संडास यांची गाठ नेमकी कुठे पडते आणि ती कशी सोडवायची, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

आपल्याकडच्या शहरांत पाण्याची दोन जाळी असतात, निदान कागदावर. एक मलनिस्सारण वाहिनी, म्हणजे बोलीतली ‘ड्रेनेज लाइन’. तिच्यात संडास, न्हाणी आणि मोरीचं पाणी जातं आणि ती मैला शुद्धीकरण केंद्राकडे, एसटीपीकडे पोचते. दुसरी पावसाळी वाहिनी किंवा गटार. तिच्यात रस्त्यावरचं आणि छपरावरचं पाणी जातं आणि ती सरळ ओढ्यात सुटते. पहिलीचं पाणी घाण पण थोडं, दुसरीचं भरपूर पण त्या मानानं साफ. दोघींचे पाइप त्या बेतानंच ठरवलेले असतात, म्हणून एकीचं पाणी दुसरीत गेलं की गडबड होते. ती किती मोठी होते हे आकड्यांशिवाय लक्षात येत नाही.

केंद्र सरकारची मलनिस्सारणाविषयीची मार्गदर्शक पुस्तिका (२०१३) माणशी रोज १३५ लिटर पाणीवापर धरते आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजमध्ये येतं असं मानते. माणशी १०८ लिटर झाले. पाच माणसांच्या घरातून दिवसाला ५४० लिटर, म्हणजे तासाला सरासरी साडेबावीस लिटर. पण सगळं गाव सकाळी एकाच वेळी उठतं, त्यामुळे वीस हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी पाइप सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरून आखतात. म्हणजे या घरासाठी पाइपात ठेवलेली जागा तासाला साधारण ६८ लिटरची. आता त्याच घराचं छप्पर बघा. १०० चौरस मीटर, जवळपास अकराशे चौरस फूट. त्यावर तासाला २० मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुळशी तालुक्यात असा तास पावसाळ्यात काही विशेष नाही, तर दोन हजार लिटर पाणी जमतं. घराच्या जवळपास चार दिवसांच्या सांडपाण्याइतकं पाणी एका तासात.

हे छपराचं पाणी ड्रेनेजला जोडलं असेल तर एका घरानं तीस घरांची जागा खाल्ली. गल्लीत शंभर घरं असतील आणि त्यांतल्या दहांनीच छपराचा पाइप चेंबरमध्ये सोडला असेल, तर सगळ्या शंभर घरांसाठी ठेवलेल्या तासाला ६,७५० लिटरच्या जागेत वीस हजार लिटर पावसाचं पाणी घुसतं. नव्वद घरांनी नियम पाळून काही उपयोग होत नाही. पाइप तीस वर्षांपुढची लोकसंख्या धरून टाकतात हे खरं. पण ती शिल्लक पुढे येणाऱ्या माणसांसाठी असते, पावसासाठी नाही.

इथे एक बारकावा आहे, तो साइटवरच्या लोकांच्याही नजरेतून सुटतो. ड्रेनेजचा पाइप पूर्ण भरून वाहावा असा कधीच आखत नाहीत. जास्तीत जास्त ८० टक्के उंचीपर्यंत पाणी आणि वर हवा. त्यामुळे वाटतं की वीस टक्के जागा हाताशी आहे. पण गोल पाइपाचं गणित वेगळं. ८० टक्के उंचीला तो पूर्ण भरलेल्या पाइपाइतकंच, फार तर दोन टक्के कमी पाणी वाहून नेत असतो. पुढची वीस टक्के उंची भरली तर पाणी तुंबतं, वेगानं पुढे जात नाही.

आता पाऊस आत शिरतो कुठून? छपराचा पाइप हा पहिला आणि सगळ्यांत मोठा दरवाजा. बांधकाम संपत आलं की पन्हळीचा पाइप खाली कुठे सोडायचा हा प्रश्न उरतो. पावसाळी गटार वीस फुटांवर आणि ड्रेनेजचं चेंबर तीन फुटांवर. प्लंबर तीन फुटांचा रस्ता धरतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, आणि झाकण बसल्यावर कुणाला काही दिसतही नाही.

दुसरा दरवाजा गली ट्रॅपचा. घराबाहेर जाळीचा तो लहानसा चौकोन, ज्यात मोरीचं पाणी पडतं. त्याचा काठ जमिनीपेक्षा थोडा वर हवा. अंगणात फरशी घालताना, नंतर परत पेव्हर ब्लॉक घालताना जमीन वर येते आणि काठ खाली राहतो. मग सगळं अंगण त्या चौकोनाकडे वाहतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे चेंबरचं झाकण. पार्किंगमध्ये पाणी साचलं की सोसायटीतला कुणीतरी सळईनं झाकण उचलतो. पाणी भसाभस आत जातं, सगळ्यांना हायसं वाटतं. त्या दहा मिनिटांत वरच्या उताराची अर्धी गल्ली एका पाइपात ओतलेली असते.

तिसरा दरवाजा ओढ्यात आहे. ड्रेनेजचं पाणी शक्यतो पंपाविना, उतारानंच न्यावं लागतं. गाळ बसू नये म्हणून त्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो, तो देईल इतका उतार हवा. असा सलग उतार कुठे मिळतो? ओढ्याच्या काठानं. म्हणून मुख्य वाहिन्या ओढ्या-नाल्यांच्या कडेनं, कधी थेट पात्रातून जातात. पुण्याच्या अनेक नाल्यांत भर पात्रात उभी असलेली चेंबरं दिसतात. ओढ्याला पूर आला की ती बुडतात. झाकण नीट बसलेलं नसलं, फुटलेलं असलं किंवा भंगारात गेलेलं असलं तर ओढाच पाइपात शिरतो, आणि सोबत वाळू, दगडगोटे, पिशव्याही. पूर ओसरल्यावर पाणी जातं, वाळू मागे राहते. डिसेंबरात जे चेंबर ‘विनाकारण’ तुंबतं, त्याचं कारण बऱ्याचदा ऑगस्टमध्ये आत गेलेलं असतं. टेकडी फोडून ओढ्याकाठी टाकलेला मुरूम आणि राडारोडा यात भरच घालतो.

चौथी वाट जमिनीखालून. मुळशीतली जमीन म्हणजे वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाळ्यात मुरुमाचा थर पाण्यानं भरतो आणि पाणी खाली जाऊ शकत नाही, कारण खडक फारसं पाणी पीत नाही. पाइप टाकायला खणलेला चर पुन्हा भुसभुशीत मातीनं बुजवलेला असतो. आजूबाजूचं सगळं पाणी त्या चरात उतरतं आणि पाइपाच्या कडेनं वाहू लागतं. सांधे ढिले असले, विटांच्या जुन्या चेंबरचा गिलावा सुटला असला की ते आत झिरपतं. मार्गदर्शक पुस्तिका अशा झिरपण्यासाठी प्रत्येक चेंबरमागे दिवसाला २५० ते ५०० लिटर सोडायला सांगते. सांधे नीट असतील तर तेवढं पुरतं. या वाटेनं येणारं पाणी धोधो नसतं, पण पाऊस थांबल्यावरही ते दिवसेंदिवस येत राहतं.

पाणी जिथून शिरलं तिथूनच बाहेर येत नाही, हा या प्रकरणातला सगळ्यांत अन्यायाचा भाग. पाइप भरला की चेंबरांमध्ये पाण्याची पातळी चढते आणि ज्या चेंबरचं तोंड सगळ्यांत खाली, तिथून ते उसळतं. वरच्या आळीतल्या छपरांचं पाणी खालच्या सोसायटीच्या तळमजल्यावर न्हाणीतून वर येतं. तक्रार खालचे करतात, सक्शन मशीन खालीच येतं, आणि वरच्या घरांकडे कुणी पाहतही नाही. खालच्यांनाही रोज मशीन बोलावण्याचा कंटाळा येतो. मग एक दिवस चेंबरच्या भिंतीला वरच्या बाजूला भोक पाडून एक पाइप ओढ्यात सोडला जातो. ‘फक्त पावसाळ्यापुरता.’ तो वर्षभर राहतो.

जे पाणी ओढ्यात न जाता एसटीपीपर्यंत पोचतं, ते तिथेही निमूट साफ होत नाही. एसटीपीत मैला खाणारे जिवाणू असतात, टाकीत हवा सोडून ते वाढवलेले. ठरलेला वेळ मिळाला तरच ते काम करतात. विरजणात तांब्याभर पाणी ओतलं तर दही लागत नाही, तसंच इथे. पातळ, भरपूर पाणी आलं की जिवाणूंचा गाळ तळाशी बसायच्या आत वाहून जातो. पाऊस थांबल्यावर केंद्र चालू दिसतं, पंप फिरतात, पण जिवाणूंची वस्ती पुन्हा जमेपर्यंत काही दिवस पाणी अर्धवटच साफ होतं. ते होऊ नये म्हणून चालक जास्तीचं पाणी केंद्राबाहेरूनच वळवतो. त्याच्या जागी आपण असतो तरी तेच केलं असतं.

हा प्रश्न फक्त केंद्रं वाढवून का सुटत नाही, ते इथे कळतं. पुणे महापालिकेची मुळा-मुठा शुद्धीकरणाची मोठी योजना घ्या. २०१६ मध्ये जपानच्या जायका संस्थेशी कर्जकरार झाला. मुळात ९९० कोटींच्या या योजनेत आधीच्या रोजच्या ४७७ दशलक्ष लिटर क्षमतेत ३९६ दशलक्ष लिटरची ११ नवी केंद्रं मिळवायची आणि मैलावाहिन्याही टाकायच्या. योजना गरजेची आहे, तिच्याविना कोरड्या दिवसांतलाही मैला नदीतच जातो. पण हे सगळे आकडे माणसांच्या सांडपाण्याचे आहेत. छपराचं पाणी पाइपात येत राहिलं तर पावसाच्या तासाला पुरेल एवढं केंद्र कोणतंही शहर बांधू शकत नाही.

लंडननं तो प्रयत्न करून पाहिला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं संसदेचं कामकाज नकोसं केलं तेव्हा जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरनं शहराखाली गटारांचं जाळं बांधलं. पाऊस आणि मैला मुद्दामच एका पाइपात, आणि फार पाऊस झाला तर जास्तीचं पाणी नदीत सोडायची दारंही त्यातच. त्या काळाला ते शोभून दिसलं. दीडशे वर्षांनी, थोड्या पावसातही ती दारं उघडू लागल्यावर, नदीखालून २५ किलोमीटर लांब आणि ७.२ मीटर व्यासाचा बोगदा खणावा लागला. त्याला ठरलेली सगळी दारं जोडून झाली २०२५ च्या फेब्रुवारीत, खर्च चार अब्ज पौंडांहून अधिक. लंडनला इलाज नव्हता. पाइप एकच होता आणि त्यावर शहर उभं होतं.

आपण दोन जाळी आखतो आणि चुकून त्यांचं एक करतो. कधी तर जाणूनबुजूनही. ओढ्यातून मैला वाहतोय, घरोघरी जोडणी करायला वेळ लागेल, तोवर ओढाच अडवून पाणी एसटीपीकडे वळवू, असं ठरतं. ओढ्यात बुटका बंधारा, कडेला पाइपाचं तोंड. उन्हाळ्यात सगळी काळी धार पाइपात जाते आणि खालची नदी साफ दिसते. पण ओढा हा पावसाचा मार्ग आहे. पहिल्या मोठ्या सरीला पाणी बंधाऱ्यावरून उड्या मारतं आणि बंधाऱ्यामागे महिनोन्महिने साचलेला गाळ एकदम खाली जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला नद्यांत मासे मरून वर येतात, त्यामागे बऱ्याचदा हाच पहिला लोंढा असतो. गाळ पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. तात्पुरता उपाय म्हणून ओढा अडवणं चालेल, पण तो अडवला म्हणून घरजोडण्यांचं काम गुंडाळून ठेवणं मला पटत नाही.

पिरंगुटकडे परत येऊ, कारण इथली अडचण महापालिकेच्या हद्दीतल्यापेक्षा वेगळी आहे. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेत गेलं. घाटाच्या अलीकडची भूगाव, भुकूम आणि पलीकडचं पिरंगुट ही ग्रामपंचायतींची गावं, बांधकामाची परवानगी देणारं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. इथे शहरासारखं एकसंध ड्रेनेजचं जाळं नाही. सेप्टिक टँक, मोठ्या सोसायट्यांचे स्वतःचे एसटीपी, ग्रामपंचायतीच्या गटारी, मधे मधे टाकलेले पाइप, सगळं शेजारी शेजारी नांदतं. त्यामुळे पावसाचा मार सेप्टिक टँकवर जास्त बसतो.

सेप्टिक टँक म्हणजे संथ ठेवलेली टाकी. गाळ तळाला, तवंग वर, मधलं पाणी बाहेर शोषखड्ड्यात, आणि तिथून जमिनीत. हे सगळं जमीन कोरडी आहे या एका गोष्टीवर उभं आहे. जुलैत मुरूम पाण्यानं भरला की शोषखड्डा काही शोषत नाही. कधी तर जमिनीतलंच पाणी खड्ड्यात उलटं येतं. टाकीची पातळी चढते, संथपणा जातो, तळाचा गाळ ढवळून पाण्याबरोबर निघतो. टाकी दोन-तीन वर्षांत उपसली नसेल तर गाळानंच अर्धी भरलेली असते, मग हे आणखी लवकर होतं. घरातला संडास खाली जाईना झाला की माणूस जे करायचं ते करतो. टाकीच्या वरच्या अंगाला पाइप जोडून ओढा गाठतो, किंवा पाऊस जोरात असताना पंप लावतो. ओढ्याला पाणी आहे, कोण बघतंय.

त्यात मुळशीचा पाऊस साधा नाही. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत पुण्यात शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पडला तेव्हा ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर नोंदला गेला. पिरंगुट या दोन टोकांच्या मधे आहे. मुळा नदी इथे येते ती मुळशी धरणाखालून. टाटांच्या त्या धरणाचं पाणी एरवी पश्चिमेला भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जातं, म्हणून कोरड्या दिवसांत खालच्या नदीत मैला पातळ करायला पुरेसं ताजं पाणी नसतं. पावसाळ्यात धरण भरून विसर्ग सुरू झाला की नदी चढते आणि ओढ्यांची तोंडं दाबून धरते. ओढ्याचं पाणी मागे फुगतं. नदीच्या पातळीपेक्षा खाली उघडणाऱ्या प्रत्येक पाइपातून पाणी उलटं चालायला लागतं. अशा पाइपाला एकाच दिशेनं उघडणारी झडप लागते. झडप स्वस्त असते, पण तिच्यात एक काठी अडकली तरी ती उघडीच राहते. म्हणून मे महिन्यात ती हातानं हलवून बघणारा माणूस झडपेइतकाच गरजेचा.

मोठ्या सोसायट्यांचं गणित वेगळं. २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या नियमांत २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला मंजुरी घ्यावी लागते आणि तिथे एसटीपी येतो. समजा दोनशे फ्लॅट, नऊशे माणसं. दिवसाला सुमारे ९७ हजार लिटर सांडपाणी. त्यासाठी सकाळची गर्दी झेलणारी समतोल टाकी बांधतात, सहा-आठ तासांच्या पाण्याची, म्हणजे फार तर ३२ हजार लिटरची. उंच इमारतीत माणसं जास्त आणि छप्पर लहान, म्हणून गच्चीचा त्रास त्या मानानं कमी. त्रास खालून होतो. पोडियम, रॅम्प आणि पार्किंग मिळून दोन हजार चौरस मीटरचं पाणी चुकून टाकीत आलं, तर २० मिलिमीटरच्या तासाला ४० हजार लिटर. तासाच्या आत समतोल टाकी गेली. तळघरातला रॅम्प चेंबरला जोडलेला असेल तर एसटीपीवर नवी यंत्रं बसवण्याआधी ती जोडणी तोडावी, खर्च कमी होईल.

मग करायचं काय? आधी शोध. सोसायटीच्या एसटीपीत पंप किती तास चालला याची वही असते. मे महिन्यातले आणि जुलैतले तास शेजारी मांडले की पाऊस आत येतो का, हे दुसरं काही न मोजता कळतं. माणसं तेवढीच, न्हाणं तेवढंच, तरी तास दुप्पट झाले असतील तर वरचं पाणी पावसाचं. पहाटे तीनला गाव झोपलेलं असताना चेंबर उघडून पाहिलं तर जे स्वच्छ पाणी वाहतंय ते जमिनीतून झिरपलेलं. आणि सर थांबल्यावर तासाभरात पाणी ओसरलं तर ते छपरांवरून किंवा उघड्या चेंबरांतून आलेलं. दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे हा फरक आधी कळलेला बरा.

कोणत्या घराचं छप्पर जोडलेलं आहे हे बघायला धुराची चाचणी उत्तम. पाइपाचा एक तुकडा दोन्ही टोकांना वाळूच्या पोत्यांनी बंद करून चेंबरमधून बिनविषारी धूर फुंकायचा. व्हेंट पाइपातून तो निघतोच, ते बरोबर आहे. पण तो पन्हळीच्या पाइपातून किंवा पार्किंगच्या जाळीतून निघाला तर जोडणी सापडली. घरात धूर येत नाही, कारण प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरलेलं असतं. आलाच, तर ट्रॅप कोरडा आहे हे फुकटात समजतं. एवढी सोय नसेल तर गच्चीच्या पाइपात खाण्याच्या गडद रंगाचं बादलीभर पाणी ओतून पुढचं चेंबर पाहावं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. एक गोष्ट मात्र कोणत्याही कारणासाठी करायची नाही, ती म्हणजे माणूस चेंबरमध्ये उतरवणं. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांविना माणूस सफाईसाठी उतरवायला बंदी आहे, आणि आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो.

सापडलेली छपरं तोडून पावसाळी गटारात किंवा अंगणातल्या खड्ड्यात वळवायची. ‘पाणी जिरवा’ ही आपली आवडती घोषणा, पण मुळशीत तिला मर्यादा आहे. जूनमध्ये जमीन पिते, जुलैअखेर ती भरलेली असते. शेजारी सेप्टिक टँकचा शोषखड्डा असेल तर छपराचं पाणी तिथेच जिरवणं म्हणजे त्या खड्ड्याची उरलीसुरली जागा घेणं. तेव्हा छपराचा खड्डा लांब, उताराच्या खालच्या बाजूला, आणि जास्तीच्या पाण्याला गटाराची वाट ठेवूनच करावा. पाच हजार लिटरची टाकी बसवली तर आपल्या त्या १०० चौरस मीटरच्या छपराच्या पाण्यानं तशाच पावसात अडीच तासांत भरते. वापरायला छान, पण पूर आवरण्याच्या कामाची नाही. त्यापेक्षा टेकडीवर समतल चर आणि गवत राखलं तर पाणी ओढ्यात उशिरा उतरतं, आणि बुडणारी चेंबरं कमी वेळ बुडतात.

ओढ्यातली चेंबरं पुराच्या पातळीच्या वर उचलायची, आणि ते जमत नसेल तर रबरी गॅस्केटची बोल्टनं आवळणारी झाकणं बसवायची. गली ट्रॅपचा काठ अर्ध्या विटेनं वाढवायचा. यासाठी कुठल्या निविदेची गरज नाही, गवंड्याचा एक दिवस पुरतो.

सेप्टिक टँकसाठी वाईनं आणि सिन्नरनं दाखवलेला मार्ग आहे. टाकी भरून वाहिली की मगच टँकर बोलवायचा, या सवयीऐवजी या दोन नगरपालिकांनी घरांना पाळ्या लावून ठरावीक वर्षांनी टाकी उपसायला सुरुवात केली, आणि उपसलेल्या मैल्यासाठी शुद्धीकरण केंद्रंही उभी केली. केंद्र नसेल तर टँकर मैला कुठे रिकामा करणार, हे सांगायला नको. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून मोरीचं पाणी उघड्या गटारातून काढलं. पिरंगुटला ते जसंच्या तसं चालणार नाही, जमीन वेगळी आहे. पण मोरीचं पाणी सेप्टिक टँकमध्ये न सोडता वेगळं काढलं तर टाकीवरचा ताण उतरतो, एवढा धडा इथेही लागू पडतो. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, तो अशाच कामांसाठी.

यात घाई कशाची करायची, तर रस्ते काँक्रीटचे होण्याआधीच्या कामांची. पौड रस्त्याच्या आतल्या गल्ल्या एकामागून एक काँक्रीटच्या होत आहेत. काँक्रीट झालं की पावसाळी वाहिनी टाकायला ते फोडावं लागतं, आणि फोडायला कुणी तयार होत नाही. रस्ता करण्याआधी त्याखाली दोन पाइप, एक मैल्याचा आणि एक पावसाचा, आणि प्रत्येक घराला दोन्हींची तोंडं, एवढी अट ग्रामपंचायतीनं घातली तर प्लंबरला तीन फुटांचा मोह पडणार नाही. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी गच्चीत बादलीभर रंगीत पाणी ओतून बघायला दहा मिनिटं लागतात. आणि हे सगळं झाल्यावर पंपाची वही परत उघडावी. जुलैतले तास मे महिन्याच्या जवळ आले असतील तर मोठ्या एसटीपीचा प्रस्ताव वर्षभर पुढे ढकलायला हरकत नाही.